निजण्याची जागा : रोमची भुयारी दफनस्थाने आणि मरणाचे भय

गोव्यातील कोकणी बोलणारा ख्रिस्ती समाज आपल्या दफनभूमीला ‘सिमितेर’ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, पोर्तुगीज भाषेत तो लॅटिनमधून आणि लॅटिनमध्ये ग्रीकमधून आला होता, आणि ग्रीकमध्ये ‘कोइमेतेरिओन’ म्हणजे निजण्याची जागा, एवढाच त्याचा अर्थ होता. क्रीट बेटावर परगावच्या पाहुण्यांना रात्री पाठ टेकण्यासाठी जी जागा ठेवलेली असे तिला हेच नाव होते. मेलेल्यांना जेथे ठेवले जाते त्या जागेला हे नाव सर्रास देण्याची रीत ख्रिस्ती लोकांनी पाडली, आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिओकचा विख्यात प्रवचनकार योहान ख्रिसोस्तोम याने या नावाचा उलगडा करताना, तेथे पहुडलेले लोक मेलेले नसून झोपलेले आहेत हे ध्यानात राहावे म्हणूनच ते दिले आहे, असे सांगितले. नाव देणे सोपे असते. त्या नावाला साजेशी जागा घडवण्यासाठी रोमच्या वेशीबाहेर माणसे दोन शतकांहून अधिक काळ जमीन पोखरत राहिली, आणि पुनरुत्थानाच्या आशेने नेमके कोणते भय घालवले व कोणते घालवले नाही, हे त्या खोदकामाच्या इतिहासात धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षाही स्पष्ट दिसते.

‘पुनरुत्थान’ हा मराठी ख्रिस्ती परिभाषेतील शब्द ‘पुन्हा उठणे’ या अर्थाचा असून मूळ ग्रीक ‘अनास्तासिस’ या शब्दाशी तो तंतोतंत जुळतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले तेव्हापासून ही कल्पना मराठीत सांगितली जात आहे, तरीही दोन परिचित कल्पनांच्या गर्दीत ती हरवण्याचा संभव असतो. पुनर्जन्मात आत्मा जुना देह टाकून नवा धारण करतो. प्लेटोच्या परंपरेतील अमर आत्म्याला देह हा तुरुंग वाटतो आणि मरण ही त्यातून सुटका ठरते. पुनरुत्थानाची कल्पना या दोहोंहून निराळी आहे, कारण तिच्यानुसार मेलेला माणूस, तोच माणूस, देहासह, काळाच्या शेवटी एकदाच उठणार असतो. तिचे मूळ यहुदी धर्मात आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात राजा अंतियोखस चौथा याने केलेल्या छळाच्या पार्श्वभूमीवर, दानीएलच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आणि मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील सात भावांच्या कथेत ती ठळकपणे पुढे येते; देवाच्या नियमासाठी ज्यांनी देह गमावला त्यांना देहासहच न्याय मिळाला पाहिजे, हा तिच्यामागचा आग्रह होता. येशूच्या काळी परूशी पंथाचे लोक ती मानत आणि सदूकी नाकारत. येशू स्वतः मेलेल्यांतून उठला, या साक्षीवर ख्रिस्ती धर्म उभा राहिला आणि पुढे घडायची ती घटना एका माणसाच्या बाबतीत घडून गेली आहे, असे त्याने सांगितले. प्रेषित पौलाने सुमारे इ. स. ५० मध्ये थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिताना मेलेल्यांना ‘झोपी गेलेले’ म्हटले, तर थोड्याच वर्षांनी करिंथच्या मंडळीला लिहिताना पेरलेल्या बियाण्याचा दाखला दिला. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात तर मरणाचे भय हेच माणसाचे आयुष्यभराचे दास्य मानले असून त्यातून सुटका करणे हे ख्रिस्ताचे कार्य म्हटले आहे.

ही शिकवण ज्या नगरात जाऊन पोहोचली तेथील मृत्यूचे नियम फार जुने होते. इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या मध्यातील ‘बारा पाट्या’ या रोमन कायद्याच्या आद्य संहितेत, नगराच्या हद्दीत प्रेत पुरू नये आणि जाळूही नये, असे म्हटले होते. त्यामुळे आप्पिया, सालारिया, नोमेंताना, तिबुर्तिना अशा रोममध्ये शिरणाऱ्या प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या दुतर्फा वेशीबाहेर थडग्यांची रांग लागलेली असे. या नियमामागे आगीची धास्ती असेल, पण तिच्याहून प्रबळ होती ती विटाळाची भावना. घरात मृत्यू झाला की दाराशी सायप्रसची फांदी लावत, म्हणजे नकळत आत शिरून कोणाला, विशेषतः पुरोहिताला, विटाळ होऊ नये. ज्युपिटर देवाचा पुरोहित ‘फ्लामेन दिआलिस’ याला तर प्रेताला शिवण्याची आणि थडग्याच्या जागी पाऊल टाकण्याचीही मनाई होती. ज्यांचे पोट या विटाळावरच चाले त्यांची स्थिती नेपल्सजवळील पुतेओली, आजचे पोत्सुओली, येथे सापडलेल्या एका शिलालेखावरून कळते. त्या नगराने अंत्यविधीच्या कामाचा मक्ता दिला होता आणि मक्तेदाराने ३२ कामकरी ठेवावेत, ते विशीच्या आतले किंवा पन्नाशीपुढचे, एकाक्ष, लंगडे अथवा अंगावर व्रण असलेले नसावेत, असे ठरवून दिले होते. त्यांनी लिबितिना या मृत्युदेवतेच्या राईपाशी, गावापासून दूर राहावे, रात्रीचा पहिला तास उलटल्यावरच स्नान करावे, आणि प्रेत उचलण्यासाठी किंवा कोणाला शिक्षा देण्यासाठीच नगरात यावे, तेही डोक्यावर रंगीत टोपी घालून. ती टोपी कशासाठी, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची बहुधा गरज नाही.

रोमन माणूस मरणाच्या नावाने थरथर कापत असे, असा याचा अर्थ नव्हे. आपण पूर्वी नव्हतो, मग होतो, आता नाही आणि त्याचे काही वाटत नाही, अशा आशयाचे एक वाक्य थडग्यांवर इतके रूढ झाले होते की ते नुसत्या आद्याक्षरांनी कोरले तरी वाटसरूला कळत असे. तत्त्ववेत्ता एपिक्युरस याच्या शिकवणुकीचा तो पाझर होता. सामान्य माणसाला खरा घोर असे तो बेवारस पडण्याचा, कारण अगदी गरिबांच्या वाट्याला सरसकट टाकण्याचे खड्डेच येत. यावर उपाय म्हणून अंत्यविधीची मंडळे निघाली. लानुविउम या गावच्या अशा एका मंडळाचे नियम इ. स. १३६ च्या शिलालेखात टिकून आहेत: प्रवेशासाठी १०० सेस्टर्स आणि उत्तम मद्याचा एक रांजण, मग दरमहा ५ आस ही तांब्याची नाणी, आणि वर्गणी न थकवता मेलेल्या सभासदाच्या अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स. दासही त्यात सभासद होत. जळलेल्यांच्या राखेची मडकी ठेवण्यासाठी भिंतीत ओळीने लहान कप्पे केलेल्या ज्या सामाईक इमारती होत्या त्यांना ‘कोलुंबारिउम’ म्हणत, म्हणजे शब्दशः कबुतरखाना. रोममधील ख्रिस्ती मंडळी बाहेरून पाहणाऱ्याला असेच एखादे मंडळ वाटली असेल, तर नवल नाही. कार्थेजचा लेखक तेर्तुल्यान याने सुमारे १९७ मध्ये लिहिलेल्या ख्रिस्ती धर्माच्या समर्थनात, ख्रिस्ती लोक दरमहा ऐच्छिक वर्गणी काढतात आणि ती गरिबांना जेवू घालण्यावर व पुरण्यावर खर्च करतात, असे आवर्जून नोंदवले आहे. फरक एवढाच की येथे वर्गणी न भरलेल्यालाही जागा मिळे.

दुसऱ्या शतकात रोममध्ये दहनाची चाल हळूहळू मागे पडून दफनाची वाढत गेली, आणि हा बदल ख्रिस्ती लोकांमुळे झाला नाही, कारण तेव्हा त्यांची संख्या नगण्य होती. श्रीमंत रोमन कुटुंबे कोरीव संगमरवरी शवपेट्या घेऊ लागली होती. रोममधील यहुदी तर पुरतच आले होते, आणि त्यांचीही भुयारी दफनस्थाने तेथे आहेत. पण दफनाला जाळण्यापेक्षा जागा फार लागते. रोमभोवतालच्या जमिनीने ही अडचण सोडवली. तेथे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला ‘तुफा’ नावाचा खडक आहे, जो खणताना मऊ लागतो आणि वारा लागल्यावर टणक होतो. कोकणात जांभ्याचा चिरा ज्या गुणामुळे बांधकामाला उपयोगी पडला तोच हा गुण. जमिनीवर मालकीची पट्टी अरुंद असली तरी तिच्याखाली कितीही खोल जाता येई. अशा रीतीने कोठे दोन, कोठे चार पातळ्यांची बोगद्यांची जाळी तयार झाली. त्यांपैकी आप्पिया मार्गावरील कॅलिस्टसचे दफनस्थान सुमारे २० किलोमीटर लांबीच्या बोगद्यांचे आहे. ‘कॅटाकोंब’ हे नाव या सर्वांना फार उशिरा मिळाले. मूळचे ते त्याच मार्गावरील, आज सेंट सेबास्टियनचे चर्च आहे तेथील खोलगट जागेचे स्थलनाम होते.

कॅलिस्टस हा माणूसही लक्षात घेण्याजोगा आहे. तो पूर्वाश्रमीचा दास होता, त्याने चालवलेली पेढी बुडाली होती आणि सार्डिनियाच्या खाणींत तो सक्तमजुरी भोगून आला होता; ही माहिती त्याचा कट्टर विरोधक हिप्पोलिटस याने दिलेली असल्यामुळे ती थोडी सावधपणे घ्यावी लागते. बिशप झेफिरिनस याने तिसऱ्या शतकाच्या आरंभी त्याला मंडळीच्या दफनस्थानाचा कारभारी नेमले, आणि २१७ मध्ये तो स्वतः रोमचा बिशप झाला. रोमच्या मंडळीकडे स्वतःच्या अखत्यारीतील दफनस्थान असल्याचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा. त्याच शतकातील म्हणून मानल्या जाणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ या नियमग्रंथात, दफनासाठी लोकांवर जड आकार लादू नये, खणणाऱ्याची मजुरी आणि कौलांची किंमत तेवढी घ्यावी, आणि तेथे राखण करणाऱ्याचे पोट बिशपने चालवावे, असे सांगितले आहे. पुनरुत्थानाच्या सिद्धांतावर त्या काळात लिहिल्या गेलेल्या पानांच्या मानाने हा नियम दोन ओळींचा आहे, तरी रोमच्या मजुराला त्या आशेचा जो अनुभव आला तो बहुधा या दोन ओळींतून आला.

बोगद्याच्या दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे कोनाडे कोरत, देह कापडात गुंडाळून, कधी त्यावर चुना पसरून, आत सरकवत आणि तोंड कौलांनी किंवा संगमरवरी लादीने बंद करून सांधे चुन्याने लिंपत. ज्यांना थोडी ऐपत होती ते कमानीखाली थडगे करून घेत अथवा कुटुंबासाठी एक लहान दालन खोदून घेत. या दालनाला ‘कुबिकुलुम’ म्हणत, आणि घरातील निजण्याच्या खोलीलाही लॅटिनमध्ये हाच शब्द होता. दफन या क्रियेला ‘देपोसितिओ’ म्हणत. रोमन कायद्यात विश्वासाने सोपवलेल्या आणि मागेल तेव्हा जशीच्या तशी परत करायच्या ठेवीचे नाव याच धातूवरून आले होते. देह पुरला असे न म्हणता ठेव ठेवली असे म्हणण्यात जी सूचना आहे ती व्यवहारी रोमन कानाला चुकली नसावी. जागा भरली की भिंत संपली असे होत नसे, बोगद्याची जमीनच आणखी खाली खणत, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी वरचे कोनाडे जुने आणि पायाशी असलेले नवे, असा उलटा क्रम आढळतो. लहान मुलांचे कोनाडे पाहणाऱ्याला अस्वस्थ करतील इतके आहेत. अक्षरे कोरून घेण्याची ऐपत नसलेल्यांनी ओल्या चुन्यात शिंपला, नाणे, सोन्याचा वर्ख दिलेल्या पेल्याचा तळ, कधी मुलीची बाहुली दाबून बसवली, म्हणजे पुढच्या खेपेस त्या अंधारात आपला कोनाडा ओळखता यावा.

हे काम करणाऱ्याला ‘फोसोर’, म्हणजे खणणारा, म्हणत. तो तेलाच्या दिव्याच्या उजेडात टिकाव चालवी, माती टोपल्यांत भरून वर जाणाऱ्या झरोक्यांतून बाहेर काढी, देह कोनाड्यात ठेवी, लादी बसवी, आणि गरज पडली तर तिच्यावर अक्षरेही खरवडी. मृतांचा सहवास त्याला कुजलेल्या हवेसह दिवसभर घडे. पुतेओलीच्या नियमांप्रमाणे पाहिले तर अशा माणसाने रंगीत टोपी घालून गावाबाहेर राहायला हवे होते. उत्तर आफ्रिकेतील किर्ता या नगरात १९ मे ३०३ रोजी, सम्राट डायोक्लेशनच्या छळाच्या वेळी, सरकारी अधिकाऱ्यांनी तेथील ख्रिस्ती मंडळीच्या घराची झडती घेतली, आणि त्या जप्तीचा पंचनामा सुदैवाने टिकून राहिला. त्यात बिशप आणि प्रेस्बिटर, म्हणजे मंडळीचे वडील, बसलेले आहेत, डीकन म्हणजे सेवक व उपडीकन उभे आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ त्याच यादीत खणणारे नावानिशी हजर आहेत. यादीत ते शेवटी येतात, हे खरे. पण चर्चच्या सेवकांच्या यादीत येतात. मृत्यूवर विजय मिळाला असल्याची घोषणा प्रत्येक प्रवचनात होत असेलच, परंतु प्रेताला हात लावणारा माणूस वेदीजवळच्या मंडळींबरोबर उभा राहू शकतो, ही गोष्ट त्या घोषणेपेक्षा अधिक वजनाची आहे. ख्रिस्ती माणसाने सर्वांत आधी टाकले ते मरणाचे भय नव्हे, मेलेल्याचे भय होते.

तिसऱ्या शतकात सिरियात रचलेल्या ‘दिदास्कालिया’ या ग्रंथाने तर दफनभूमीत एकत्र जमावे, तेथे शास्त्र वाचावे आणि प्रभुभोजनाचा विधी करावा, प्रेतस्पर्शाने अशुद्धी होते असे मानू नये, असे स्पष्ट सांगितले. मृत्यूचा दिवस हुतात्म्यांच्या बाबतीत ‘जन्मदिवस’ म्हणून पाळला जाऊ लागला. स्मिर्ना येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्याच्या दुसऱ्या शतकातील वृत्तान्तात हा प्रयोग आधीच दिसतो. रोमन अंत्ययात्रेशी जडलेला अंधाराचा आणि विटाळाचा संबंध तोडून ख्रिस्ती लोक भर दिवसा, स्तोत्रे म्हणत, शव मिरवत नेत. जुन्या देवांची पूजा पुन्हा रुजवू पाहणारा सम्राट जूलियन याला हे सहन झाले नाही, आणि ३६३ मध्ये त्याने दिवसा अंत्ययात्रा काढण्यास मनाई करणारा हुकूम काढला. गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी गलातिया प्रांताच्या मुख्य पुरोहिताला लिहिताना, परक्यांविषयीचा कनवाळूपणा आणि मृतांच्या थडग्यांची काळजी यांमुळेच हा पंथ फोफावला, अशी कबुली त्याने दिली होती.

दालनांच्या भिंतींवर आणि छतांवर जी चित्रे आहेत त्यांत येशूचे क्रूसावरील मरण पहिल्या तीन शतकांत जवळजवळ दिसत नाही, आणि त्याचे कबरेतून उठणे प्रत्यक्ष चितारलेले नाही. त्याऐवजी माशाच्या पोटातून बाहेर पडलेला योना, सिंहांच्या गुहेतील दानीएल, भट्टीतील तीन तरुण, पेटीवजा तारवातील नोहा, आणि कापडपट्ट्यांनी गुंडाळलेला, कबरेच्या दारात उभा असलेला लाजर हीच मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात. सगळी मरणाच्या दाढेतून सुटलेली माणसे. त्यांतही योनाचे एक दृश्य चित्रकारांचे विशेष आवडते होते: वेलीच्या मांडवाखाली, एक हात डोक्यामागे टाकून, तो उघड्या अंगाने निवांत पहुडला आहे. ही ठेवण ग्रीक पुराणातील एंदिमिओन या चिरनिद्रित तरुण मेंढपाळाच्या चित्रावरून सरळ उचललेली आहे. कारागीर तेच होते, गिऱ्हाईक बदलले होते. बायबलमधील योना त्या वेलीखाली रुसून बसला होता, हे चित्रकाराने सोयीस्करपणे विसरून त्याला झोपवले, कारण थडग्यावर त्याला हवी होती ती झोपच. हा वेल भोपळ्याचा, अशी जुन्या भाषांतराने लोकांची समजूत करून दिली होती. पुढे जेरोम या पंडिताने हिब्रूवरून नवे भाषांतर करताना तेथे आयव्ही नावाची वेल घातली, तेव्हा आफ्रिकेतील एका मंडळीत वाचनाच्या वेळी असा गोंधळ उडाला की बिशपला माघार घ्यावी लागली, असे हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने जेरोमला कळवले. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला आणि थडग्यांवर पाहिलेला भोपळा कोणी काढून घेतलेला लोकांना चालणार नव्हता.

बाहेरच्या सुशिक्षितांना हे सारे किळसवाणे वाटे. दुसऱ्या शतकातील तत्त्ववेत्ता केल्सस याने कुजलेल्या देहात परतण्याची इच्छा ही किड्यांना शोभेल अशी आशा आहे, अशी खिल्ली उडवली. ख्रिस्ती लेखक मिनुकिउस फेलिक्स याच्या ‘ऑक्टेवियस’ या संवादात विरोधी पात्र ख्रिस्ती लोकांना चिता नको असते म्हणून टोमणा मारते, आणि उत्तर असे मिळते की दहनाने काही नुकसान होईल अशी भीती त्यांना नाही, दफनाची रीत जुनी आणि अधिक चांगली म्हणून ते ती पाळतात. हा दावा किती खरा होता याची कसोटी १७७ मध्ये गॉलमधील लिओं येथे लागली होती. तेथे हुतात्म्यांची प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवून मग जाळण्यात आली आणि राख रोन नदीत सोडण्यात आली, कारण उठण्याच्या आशेमुळेच ही माणसे मरायला भीत नाहीत, तेव्हा ती आशाच बुडवावी, असा मारेकऱ्यांचा हिशेब होता. वाचलेल्यांनी आशियातील मंडळ्यांना जे पत्र लिहिले त्यात या हिशेबाला मूर्खपणा ठरवले आहे. पण त्याच पत्रात, रात्रीच्या अंधारात प्रयत्न करूनही, पैसे देऊ करूनही देह पुरायला मिळाले नाहीत, हे दुःखही लपलेले नाही. सिद्धांत एक सांगत होता आणि हात दुसरेच काही करू पाहत होते.

२५० च्या आसपास साम्राज्यात मोठी मरी पसरली तेव्हा हीच ओढाताण उघड्यावर आली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायनिशियस याने आपल्या माणसांनी आजाऱ्यांची शुश्रूषा करताना व मृतांना न्हाऊ घालताना प्राण गमावल्याचे अभिमानाने लिहिले आहे. त्याच मरीत कार्थेजचा बिशप सायप्रियन याने जो उपदेश लिहिला त्यात स्वर्गात शुभ्र वस्त्रे धारण केलेल्यांसाठी येथे काळे कपडे घालू नयेत, अशी त्याने ताकीद दिली. परंतु हा उपदेश लिहावा का लागला, हे पाहणे अधिक बोधक ठरते. मरी ख्रिस्ती आणि इतर असा भेद करत नाही हे पाहून त्याची माणसे हादरली होती, रडत होती, देवाचे राज्य येवो अशी रोज प्रार्थना करून येथेच रेंगाळू पाहत होती, आणि सायप्रियन त्यांना त्याबद्दल खडसावत होता. लादीवरील अक्षरे हेच सांगतात. मुलाचे वय वर्षे, महिने, दिवस, क्वचित तासांपर्यंत मोजलेले असते. ‘शांतीत’ या ग्वाहीशेजारी कधीकधी जुन्या रोमन धाटणीने मृतांच्या देवतांना केलेले आवाहनही आढळते, आणि धीर धर, अमर कोणीच नाही, अशा अर्थाचे ग्रीक सांत्वन तर यहुदी, ख्रिस्ती आणि इतर अशा सर्वांच्या थडग्यांवर सारखेच कोरलेले आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विरा येथे भरलेल्या धर्मसभेने दफनभूमीत दिवसा मेणबत्त्या लावण्यास बंदी केली, कारण त्यामुळे पवित्र जनांचे आत्मे अस्वस्थ होतील. झोपलेल्यांची झोपमोड होईल, ही समजूत कोणत्या धर्माची म्हणायची, हे ठरवणे कठीण आहे.

सम्राट कॉन्स्टंटाइनने छळ थांबवल्यानंतर भय नाहीसे होण्याऐवजी नवे रूप घेऊन आले. आता चिंता होती ती शेवटच्या न्यायाची, आणि त्या दिवशी शेजारी एखादा हुतात्मा असावा, अशी धडपड सुरू झाली. संतांच्या मागची, संतांच्या पायथ्याची जागा मिळाल्याचे लोक लादीवर मिरवू लागले, आणि अशा जागांचे व्यवहार खणणाऱ्यांच्या हाती गेले. कोणी, कोणाकडून, किती सॉलिडस या सोन्याच्या नाण्यांना जागा घेतली याची साक्षीदारांसह नोंद करणारे शिलालेख शिल्लक आहेत. मजुरी आणि कौलांची किंमत एवढेच घ्यावे, हा नियम मागे पडला. हुतात्म्यांच्या थडग्याजवळ पोहोचण्यासाठी त्यांच्यामागील चित्रित भिंतीच फोडलेल्या दिसतात. याच काळात, म्हणजे ३६६ ते ३८४ या वर्षांत, रोमचा बिशप असलेला दामासस याने ही स्थळे दुरुस्त केली, जिने व झरोके केले आणि फिलोकालस या कुशल अक्षरकाराकडून संगमरवरावर पद्ये कोरून घेतली. त्यांपैकी एका पद्यात तो, आपल्यालाही येथे अंग टाकावेसे वाटले होते पण पवित्र जनांच्या अस्थी विचलित होतील याची भीती वाटली, असे सांगतो, आणि त्याप्रमाणे त्याने स्वतःसाठी वेगळी जागा निवडली. नोलाचा बिशप पॉलिनस याने संताशेजारी पुरल्याने मृताला काही लाभ होतो का, असे ऑगस्टिनला विचारले, तेव्हा ऑगस्टिनने एक छोटा ग्रंथच लिहून, अंत्यविधीची काळजी ही मृतांना मदत होण्यापेक्षा जिवंतांचे सांत्वन असते, असे उत्तर दिले. लोकांनी ते फारसे मनावर घेतले नाही.

पाचव्या शतकात भुयारात पुरणे थांबले. वेशीबाहेरचा मुलूख असुरक्षित झाल्यावर देहच नगरात आले, आणि बारा पाट्यांचा नियम रद्द न होताच आपोआप संपला. पास्कल पहिला या पोपने ८१७ मध्ये २३०० देह सांता प्रास्सेदे या चर्चमध्ये आणल्याचे तेथील शिलालेख सांगतो. मग बोगदे विस्मृतीत गेले, ते ३१ मे १५७८ रोजी सालारिया मार्गावर चुन्यात मिसळायची ज्वालामुखीची वाळू काढणाऱ्या मजुरांच्या कुदळीखाली पुन्हा उघडे पडले. एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांमुळे ते लपून राहण्याचे अड्डे होते असा समज पसरला, तो निराधार आहे. अधिकाऱ्यांना ही स्थळे पुरती ठाऊक होती, एवढी की सम्राट वालेरियनने २५७ मध्ये तेथे जाण्यास बंदी घातली आणि पुढल्या वर्षी ६ ऑगस्टला बिशप सिक्स्तस दुसरा याला दफनस्थानातच पकडून ठार केले. शिवाय तेथे कोणाला राहता आले नसते. जेरोम विद्यार्थिदशेत दर रविवारी या बोगद्यांत उतरत असे, आणि वृद्धपणी त्याने त्या अंधाराचे व निःशब्दतेचे जे वर्णन केले त्यात त्याला व्हर्जिलच्या महाकाव्यातील भयाची ओळ आठवली, बायबलातील आशेची नव्हे.

या भुयारांचा पहिला चिकाटीचा संशोधक अंतोनियो बोसियो हा तर १५९३ मध्ये आत वाट चुकला आणि दिवे विझत आले तेव्हा, आपण येथेच मेलो तर आपल्या अमंगल देहाने हुतात्म्यांची थडगी बाटतील, अशी भीती त्याला वाटली. त्याने हे त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘रोमा सोत्तेर्रानेआ’, म्हणजे जमिनीखालचे रोम, या ग्रंथात लिहून ठेवले आहे. पुतेओलीत मेलेल्याचा विटाळ जिवंताला होत होता. दीड हजार वर्षांनी जिवंताचा विटाळ मेलेल्याला होऊ लागला होता.

बोसियो ज्या दफनस्थानात वाट चुकला, त्याच दोमितिल्ला या दफनस्थानात चौथ्या शतकातील एका खणणाऱ्याचे चित्र होते. नाव दिओगेनेस, आखूड अंगरखा, खांद्यावर टिकाव, हातात दिवा, पायाशी अवजारे, आणि दोन्ही बाजूंस त्याने आयुष्यभर खोदले तसे कोनाडे. अठराव्या शतकात ते भिंतीपासून सोडवून नेण्याच्या प्रयत्नात फुटले, आणि आज ते मुख्यतः जुन्या रेखाटनावरून ज्ञात आहे. वरच्या ओळीत, खणणारा दिओगेनेस शांतीत ठेवला, एवढे सांगून २४ सप्टेंबर ही तिथी दिली आहे. वर्ष दिलेले नाही. दरसाल त्या दिवशी थडग्यापाशी जमायचे, तर तिथीच पुरेशी होती.